मुळाशी ठेवलेला घास

एका गावात एक महाहट्टी माती होती. काळीभोर, चिकण. ओली असली की पाय धरून ठेवायची, वाळली की हात जाईल एवढी भेगाळायची. आणि स्फुरदाचं खत जिथे पडेल तिथेच ती धरून बसायची, खाली मुळांकडे काही जाऊ द्यायची नाही.

पण गाव तिच्याहून हट्टी! रब्बीची ज्वारी पेरली की लोक वरून मुठीमुठीनं खत उधळायचे. ज्याचं रान दाण्यांनी जास्त करडं दिसेल, तो मोठा शेतकरी. बांधावर माणसं उभी राहून वाहवा करायची. पीक बेताचंच यायचं, पण ते कोण बघतो?

त्या गावातला भिवाजी गुडघेदुखीनं घरी बसला होता. मुलगा फौजेत. घरी सून, सगुणा. म्हातारा तिला म्हणाला, "पोरी, यंदा पेरणी तू कर. ज्वारी साधली तर शेत तुझ्या हाती. नाही साधली, तर पुढच्या साली शेजारच्या खंडूला बटईनं देऊन टाकू."

दुसऱ्याच्या हाती शेत जाणं सगुणाला सहन होणार नव्हतं. पण बाई डोळस होती. मागच्या साली काढणीच्या वेळी तिनं एक धाट मुळासकट उपटून पाहिलं होतं. मुळं ओल शोधत वीतभर खाली गेलेली, आणि खताचे दाणे वरच्या कोरड्या मातीत तसेच्या तसे!

म्हणून तिनं पेरणीची पाभर आणली, दोन चाड्यांची, म्हणजे दोन नरसाळ्यांची. एका चाड्यातून बी पडायचं, दुसऱ्यातून खत, तेही बियाच्या दोन बोटं खाली. एका चाड्यावर ती, दुसऱ्यावर मदतीला आलेली चुलत जाऊ. नेहमीच्या निम्म्या खतात पेरणी झाली आणि रान वरून काळंच राहिलं.

खंडू बांधावरून हसला, "काय गं सगुणा, खत घातलंस की घरीच विसरलीस?"

हे भिवाजीच्या कानावर गेलं. "गावात नाक कापलंस माझं! निदान दोन पोती वरून फेक, लोकांना दिसू दे."

"मामंजी, खत ज्वारी खाणार आहे की लोक?" सगुणा म्हणाली. "मी नाही फेकणार."

म्हातारा भडकला. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलेना. तिला रडू यायचं, पण तिनं खताच्या पोत्याला हात लावला नाही.

थंडी पडली, वरची माती वाळली. खंडूच्या ज्वारीची पानं जांभळी पडली, वाढ खुंटली. त्यानं आणखी खत फेकलं. पालथ्या घड्यावर पाणी! सगुणाची ज्वारी मात्र कमरेला लागली, मग डोक्यावर गेली. कणसं अशी भरली की धाटं वाकली.

शेवटी खंडू मान खाली घालून आला. "वहिनी, काय केलंस ते दाखव बाई." सगुणानं त्याच्याच रानातलं एक धाट खणून दाखवलं. कोरड्या मातीत खत, वीतभर खाली उपाशी मुळं. खंडूनं कपाळावर हात मारला.

खळ्यावर रास पडली. राशीची पूजा घरच्या कर्त्या पुरुषानं करायची, बाईमाणसानं लांब उभं राहायचं, ही तिथली रीत. सगळा गाव जमला होता. भिवाजी काठी टेकत आला, नारळ हातात घेतला आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा सुनेशी बोलला.

"सगुणा, पुढं ये. शेत करणाऱ्यानंच रास पुजायची असते. मी चुकलो, पोरी."

तिनं नारळ घेतला. डोळे पुसले आणि साऱ्या गावासमोर खाडकन फोडला.

याचं तात्पर्य एवढंच: उपाशी मुळाच्या तोंडी घास पोचला तरच तो घास, बघणाऱ्यांसाठी उधळला, तर ती नुसती नासाडी.