शेजारच्या खुर्चीतला अबोला

आमची शलाकाताई फुटलेल्या समाजातले तंटे कसे मिटवायचे, यात एम.ए. करते. म्हणजे भांडणं सोडवायची डिग्री. तोंडी परीक्षेला ढवळीकर सर आणि इंगोले सर होते. दोघांचा नऊ वर्षं अबोला. शेजारी बसून शिपायामार्फत बोलायचे.

ढवळीकर म्हणाले, "फुटलेली माणसं एकत्र आणून दाखव. आत्ता, इथं. नाहीतर नापास."

ताई म्हणाली, "सर, तुमचं पुस्तक वाचलं, इंगोले सरांचंही वाचलं. दोन्ही भंगार आहेत."

"ऐकलंत का हो इंगोले?"

"ऐकलं ना ढवळीकर! काय आगाऊ पोरगी आहे!" इंगोल्यांनी त्यांना पाण्याचा ग्लास दिला.

ताई म्हणाली, "आणलं बघा सर एकत्र."

ताई पास झाली. शिपाई मात्र नाराज आहे. त्याला आता कामच उरलं नाही.