आत्याच्या जागेवर बसलेले साहेब

आत्या पुण्याच्या विमानतळावर उतरली तेव्हा तिचं कशातच लक्ष नव्हतं. तिची लेक मंजिरी दवाखान्यात कळा देत होती. मी मोबाइलवरून गाडी मागवली. गाडी थांबली तोच सोनसाखळीवाले एक साहेब पुढे घुसले आणि आत जाऊन बसले.

"काका, गाडी आमची आहे," मी म्हणालो.

"मी कारखान्याचा चेअरमन आहे. तुम्ही दुसरी मागवा."

ड्रायव्हरने घाबरून मान खाली घातली. मी टायरची हवा सोडायला वाकलो, तर आत्याने माझी कॉलर धरली. मग डिंकाच्या लाडवांचा डबा तिने साहेबांच्या मांडीवर ठेवला.

"बसा भाऊ. ओटीपी हा सांगेल. पण गाडी माझ्या लेकीच्या बाळंतपणाला निघालीय. माझ्या जागेवर बसलात, तर माझं कामही तुम्हीच करा. तिचा हात घट्ट धरा. आई कुठंय म्हणाली, तर सांगा, मी चेअरमन आहे."

साहेब उतरले. दोन्ही हातांनी डबा परत देत म्हणाले, "ताई, लवकर जा."

गाडी निघाली. मी खिदळत होतो. आत्या हसली नाही. डबा छातीशी धरून ती ड्रायव्हरला घाई करत होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टायरची हवा सोडली असती, तर अडकलो आम्हीच असतो.