सांबराची सायकल

जंगलातले प्राणी सायकलीवर फिरत, तेव्हाची ही गोष्ट. डोंगरात सायकल हाणण्यात मुंगसाचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच्याकडे सायकल नव्हती, एवढंच. रोज संध्याकाळी खिंडीतून सायकली खाली येत. त्यांच्या टायरांना पलीकडच्या करवंदीचा वास असे आणि मुंगूस बिळाच्या तोंडाशी बसून तो हुंगत राही. एकदा तरी ती खिंड ओलांडायची, हेच त्याच्या जिवाला लागून राहिलं होतं.

शेवटी साठवलेला मध घेऊन तो अस्वलाच्या जुन्या सायकलींच्या दुकानात गेला. गिऱ्हाइकाने सायकलीवर मांड टाकून दोन्ही पाय भुईला टेकवल्याशिवाय भाव बोलायचा नाही, हा अस्वलाचा नेम.

सशाच्या सायकलीवर मुंगसाचे पाय आपसूक टेकले. तिचा रंग उडाला होता, पण गिअर शाबूत होते.

"एवढ्या मधात देतो, घेऊन जा," अस्वल म्हणालं.

पण मुंगसाचा जीव सांबराच्या उंच, लाल सायकलीत अडकला होता. तिच्या टायरांना अजून तो वास होता.

"मामा, मला हीच हवी. मध कमी पडला तर राहतं बीळ देतो."

"आधी पाय टेकव, भाच्या."

मुंगसाने सायकल ढकलत दुकानामागे नेली, दोन वारुळांच्या मधोमध उभी केली आणि वर चढून ओरडला, "बघा मामा, टेकले की नाही दोन्ही पाय?"

अस्वल गालातल्या गालात हसलं. "टेकले की! पण भाच्या, खिंडीत दम लागला तर पाय टेकायला ही वारुळं पाठीला बांधून नेणार आहेस का?"