सरपंचांनी न केलेली सही

ग्रामसभेत सरपंच दौलतराव उभे राहिले, तेव्हा गावची आशा सेविका शेवंता समोरच बसली होती. गावातल्या सोळा-सतरा वर्षांच्या सुनांना ती पाळणा लांबवायच्या गोळ्या गुपचूप देत होती, आणि कुणीतरी ते फोडलं होतं. मागे बसलेल्या त्या पोरींनी माना खाली घातल्या. नाव बाहेर आलं तर घरी काय होईल, हे प्रत्येकीला ठाऊक होतं.

"नावं सांग!" सरपंच गरजले. "एवढ्या लहान लेकरांना असल्या गोळ्या? लाज नाही वाटत?"

शेवंता उठली आणि तिनं एक कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"सरपंचसाहेब, त्या लहान आहेत एवढंच यावर लिहा आणि सही करा. गोळ्या आजपासून बंद. मी हा कागद पोलीस ठाण्यात देते, आणि त्यांच्या लग्नांत अक्षता टाकायला कोण कोण होतं तेही सांगते."

प्रत्येक लग्नात दौलतरावच पुढे होते. त्यांनी हातातलं पेन खिशात घातलं.

"पुढचा विषय घ्या," ते पुटपुटले.

शेवंता घरी पोचली. दारात सरपंचांची धाकटी सून उभी होती.

"ताई," ती कुजबुजली, "मलाबी सतरावंच लागलंय."