न हुंगलेली गुलछडी

“…पण मग वास नेतो कोण, महाराज?”

या कथेच्या उपलब्ध पाठांचा आरंभ याच प्रश्नाने होतो; त्याआधी काय बोलणे झाले, हे कोणीच सांगत नाही. माळ्यांच्या पाठात प्रश्न फकिराला विचारला जातो आणि फूल मोगऱ्याचे असते. किनाऱ्याकडच्या पाठात सुरंगीचे वळेसर, म्हणजे गजरे, येतात आणि विचारणारी स्त्री असते. पुढे दिलेला पाठ गुरवांमध्ये सांगितला जाणारा आहे. त्यात फूल गुलछडीचे, विचारणारा रामलिंग गुरव, आणि उत्तर देणारा टेकडीवरच्या मठातला धुंडीनाथ. तपशील बदलतात, नाकावरचे फडके मात्र सगळीकडे कायम आहे.

हुंगलेले फूल देवाला वाहत नाहीत. रामलिंगाने याच संकेतावर आपला धंदा उभा केला होता. परसातली वांगी आणि घेवडा उपटून त्याने तेथे गुलछडीचे कंद लावले, आणि लांब दांड्याची फुले कापून तो तालुक्याच्या देवस्थानाला देऊ लागला. बाजारचे फूल किती नाकांखालून येते कोण जाणे, माझे एकाही नाकाखालून येत नाही, असे तो अभिमानाने सांगे. कापणीच्या वेळी तो नाकावर फडके बांधी. बायकोला, कोंडाबाईला, ओळींत पाऊलही टाकू देत नसे.

आणि आता त्या फुलांना वास उरला नव्हता. पुजाऱ्याने बजावले होते की, उद्याही असेच असेल तर पुन्हा टोपली आणू नकोस. परसात भाजी राहिली नव्हती, आणि घराला दुसरे उत्पन्न नव्हते.

“वास गेला, हे तुला कसं कळलं?” धुंडीनाथाने विचारले.

“पुजारी म्हणाले.”

“त्यांना कसं कळलं?”

रामलिंगाने खांद्यावरचे फडके चाचपले.

“हुंगलं असेल,” नाथ म्हणाला.

मठाच्या ओसरीवर बसलेली म्हातारी माणसे हसली.

“गुलछडीला हुंगावं लागत नाही, महाराज. तिचा वास आपणहून येतो. गाभारा भरून जायचा.”

“तुझ्याकडे कधी आला?”

“मी फडकं बांधतो.”

“बैलाला मुसकं बांधतात तसं?”

“पीक देवाचं आहे.”

“बैलाचं मुसकं संध्याकाळी सोडतात, रामलिंगा.”

रामलिंगाने वाद घातला नाही. तो पुढे सरकला आणि त्याने आवाज उतरवला.

“मी पाळत ठेवली. पहाटे. वाटलं, पोरंटोरं असतील.”

“होती?”

“कोणी नव्हतं… दांडे वाकत होते. वारा नाही, काही नाही. एक वाकायचा, सरळ व्हायचा, मग शेजारचा. जसं कोणी एकेक फूल जवळ ओढून…”

“हं.”

“ओळ संपेपर्यंत. सावकाश. एकही सुटला नाही.”

“एकटाच होतास?”

“कोंडा होती. मागच्या दारात, माझ्या शेजारी.”

“तिला काय दिसलं?”

“ती म्हणते, तिथं मीच होतो. नाकाला फडकं नाही, डोळे मिटलेले, आणि फूल तोंडाशी धरलेलं. तिनं मला हाक मारली, महाराज. परसाकडं तोंड करून! मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभा, आणि ती तिकडं हाक मारतेय.”

“ओ कुणी दिली?”

“कुणीच नाही. त्यानं मान वर करून बघितलं, म्हणते. आणि हसला. वर मलाच सुनावते, लग्न झाल्यापासून तुम्हांला असं हसलेलं बघितलं नव्हतं म्हणून.”

ओसरीवर आता कोणी हसत नव्हते.

“मी मेलोय का, महाराज?”

धुंडीनाथाने त्याचे मनगट धरले, आणि सोडले.

“गरम आहे.”

“मग तो कोण? मेलेल्याची इच्छा मागं राहते, हे ऐकलंय. पण मी तर…”

“इच्छा माणसाच्या मरणासाठी खोळंबून राहते, असं कुणी सांगितलं तुला?”

अतृप्त इच्छेच्या कथा विपुल आहेत, पण त्यांत ती बहुधा मृताची असते आणि पिंडाला कावळा शिवला की संपते. येथे ती जिवंत माणसाची आहे. तिला शांत करणारा विधीही कथेत नाही. रामलिंगाने मात्र विधीच मागितला.

“त्याला हाकलून द्या. मंतरलेली राख द्या, काहीही द्या. उद्याची टोपली गेली तर मी काय लावू आणि काय खाऊ?”

“हाकलू कुठून? परस त्याचंही आहे.”

“मग मी काय करू?”

“पहाटे फडकं न बांधता जा,” नाथ म्हणाला. “तो ओळीच्या एका टोकानं येईल. तू दुसऱ्या टोकानं निघ. एकेक फूल हुंगत जा.”

“मग देवाला कसं चालेल ते?”

“आता चालतंय?”

“आणि समोरासमोर आलो तर?”

“याल.”

“मग?”

“घरात एकच जण परत जाईल.”

“कोण?”

धुंडीनाथाने धुनीतले लाकूड पुढे ढकलले.

“ते तुझी बायको ओळखेल.”

पहाटे कोंडाबाई मागच्या दारात उभी राहिली. तिला ओळीच्या दोन्ही टोकांना नवरा दिसला. दोघांचेही चेहरे उघडे होते. दोघेही वाकत, थांबत, पुढे सरकत होते. एकेका दांड्याने मधले अंतर कमी होत गेले. शेवटी एकच दांडा उरला, आणि दोघे त्याच्यावर एकाच वेळी वाकले.

परसातून वास आला. तो दारातून आत शिरला आणि चुलीपर्यंत गेला.

ओळीत एकच माणूस सरळ झाला. त्याने फुले कापली, टोपली भरली आणि तो दाराशी आला. त्याने एक दांडा तिच्यापुढे धरला.

“वास घे,” तो म्हणाला, आणि परसात हसला होता तसाच हसला.

कोंडाबाईने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले… मग ती बाजूला झाली, आणि तिने त्याला आत येऊ दिले.

उजाडल्यावर टोपली देवस्थानात पोचली. पुजाऱ्याने ती ठेवून घेतली.