श्वासाला जागा

“मास्तरांनीच म्हणे त्या पोरीच्या गाण्यात भर सभेत मुद्दाम…”

एवढं ऐकू आलं आणि गिरणीवाल्याने पट्टा चढवला. गिरणी घरघरायला लागली. बोलणारीचे नुसते ओठ हलताना दिसले. रांगेतल्या प्रत्येकीने ते अर्धं वाक्य पिठाच्या डब्याबरोबर घरी नेलं आणि उरलेलं अर्धं आपापल्या मनाने जोडलं. कुणी म्हणालं, मास्तरांनी सूर तोडला. कुणी म्हणालं, कागद पळवले. एकीने तर वाद्यात कापूस कोंबल्याचं छातीठोकपणे सांगितलं.

म्हणून झालं काय, ते मुळापासून सांगायला हवं.

एका गावात बँडवाल्यांची एक गल्ली होती. गल्लीच्या तोंडाशी केरबा मास्तरांचं घर. मास्तर क्लॅरिनेट वाजवायचे. पंचक्रोशीत त्यांच्या बँडशिवाय वरात निघत नसे. त्यांचा सूर एकदा सुरू झाला की मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत अखंड चालायचा. लोक म्हणायचे, “केरबाला देवाने दोन छात्या दिल्यात.”

छाती एकच होती. पण मास्तरांच्या शेजारी त्यांचा धाकटा भाऊ अंतू चालायचा. त्याच्याही हातात क्लॅरिनेट. मास्तर श्वास घ्यायला थांबले की तोच सूर अंतू अलगद उचलायचा. अंतू थांबला की मास्तर. सांधा कुठे पडला ते कुणाला कळायचं नाही. बँडवाल्यांची ती रीतच आहे. वाजवणाऱ्यांना ती ठाऊक असते. नाचणाऱ्यांना कशाला ठाऊक असेल?

मास्तरांच्या घरासमोर पिको-फॉलचं दुकान होतं. दुकानवालीची मुलगी तनुजा. दिवसभर आईला साड्यांना फॉल लावू लागायची आणि उरलेल्या वेळात एका जुन्या कॉम्प्युटरवर वाद्यवृंदाच्या रचना करायची. शिकवायला कुणी नव्हतं. तिने स्वतःच धडपडून सगळं शिकून घेतलं होतं. वीस-पंचवीस वाद्यं एकदम वाजायची त्या डब्यात. व्हायोलिन, बासरी, तुतारी, नगारे, सगळं.

रचना झाली की ती इंटरनेटवर टाकायची. कुठली कुठली माणसं ऐकायची आणि खाली आवडल्याचा अंगठा दाखवून निघून जायची. तनुजाचं तेवढ्याने भागत नसे. मग ती कानात घालायच्या त्या वायरी घेऊन गल्लीभर फिरायची.

“काकू, ऐका ना जरा.”

“अगं, पण ह्यात गाणारी कुठाय?”

“गाणारी नाही, काकू. नुसती वाद्यं.”

“मग ते काय म्हणतायत, ते कळायचं कसं?”

“ते राहू दे. आवडलं की नाही, तेही राहू दे. कुठे खटकलं तेवढं सांगा.”

एकदा एक काकू म्हणाली, “मधे जरा भाजीची आठवण झाली बघ.” तनुजाने ती जागा विचारून घेतली आणि घरी जाऊन तेवढा तुकडा कापून टाकला. अशी मुलगी.

हळूहळू गल्लीत तिचं नाव व्हायला लागलं. पाहुणे आले की लोक त्यांना पिको-फॉलच्या दुकानात घेऊन जायचे. “आमच्या गल्लीत एक मुलगी आहे, आख्खा वाद्यवृंद रचते.” हे सांगताना ते केरबा मास्तरांच्या दारावरून जायचे. मास्तर ओसरीवर बसलेले असायचे. पाहुणे त्यांच्याकडे बघायचेही नाहीत.

मास्तरांना ते लागायला लागलं.

आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या चाली वाजवल्या होत्या. स्वतःची एक चाल करावी, असं तरुणपणी त्यांच्या फार मनात होतं. पण वरातीत कुणी विचारत नाही, मास्तर, तुमचं काही ऐकवा म्हणून. आणि ही कालची पोर! हिने कधी पिपाणीसुद्धा फुंकली नव्हती. मास्तरांना जेवण गोड लागेना. समोरच्या दुकानाचं शटर वर गेलं की ते तोंड आतल्या बाजूला करून बसायचे.

अशात गावच्या वाचनालयाचा वर्धापनदिन आला. शहरातला एक वाद्यवृंद येणार आणि त्यात तनुजाची रचना वाजणार, असं ठरलं. वाद्यवृंदाचे संचालक आठल्ये सर म्हणून होते. त्यांनी तिला कळवलं, “गावात चांगली वाजली, तर शहरातल्या आमच्या मोठ्या कार्यक्रमातही घेईन.”

तनुजाच्या आईने गल्लीत पेढे वाटले. मास्तरांनी पेढा घेतला आणि तसाच कोनाड्यात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी तनुजा मास्तरांच्या ओसरीवर आली. “मास्तर, खरी माणसं पहिल्यांदाच माझं काही वाजवणार आहेत. त्यांच्या हातात जाण्याआधी तुम्ही ऐका. कुठे खटकलं ते सांगा.”

मास्तरांनी ऐकायला सुरुवात केली. काही तरी वाईट असेल, अशी आशा होती. पण रचना चांगली होती. फार चांगली होती. मास्तरांचा चेहरा उतरत गेला. मग मधे एका जागी सगळी वाद्यं थांबली आणि एकट्या क्लॅरिनेटची संथ, लांबलचक ओळ सुरू झाली. मास्तर सवयीने तिच्याबरोबर मनातल्या मनात फुंकायला लागले. ओळ संपेना. त्यांची छाती भरून आली, मग रिकामी झाली, मग दुखायला लागली. तरी ओळ चालूच.

मास्तरांच्या लक्षात आलं. ह्या ओळीत श्वासाला जागाच नाही! डब्याला कुठे छाती असते? तो वाजवेल. माणूस मरेल.

एक शब्द पुरला असता. दोन सुरांच्या मधे एवढीशी फट ठेव, एवढंच सांगायचं होतं. ते शब्द मास्तरांच्या ओठांपर्यंत आले. मग त्यांना वाटलं, मी सांगणार, ही सुधारणार, आणि टाळ्या कुणाला? हिलाच. त्यापेक्षा शहरातला वाजवणारा फसू दे. सगळ्यांना कळू दे, घरबसल्या वाद्यवृंद होत नसतो.

मास्तर हसले. म्हणाले, “वा! एक सूर हलवू नकोस, पोरी. निर्दोष झालीय.”

तनुजाने त्यांच्या पायाला हात लावला. मास्तरांनी पाय जरासा मागे घेतला.

त्यानंतर मास्तरांना जेवण गोड लागायला लागलं.

पण कार्यक्रमाच्या दोन-चार दिवस आधी शहरातून फोन आला. तिकडचा क्लॅरिनेटवाला आजारी पडला होता. आठल्ये सरांनी विचारलं, “ती ओळ काढून टाकू या का?”

“काढू नका, सर,” तनुजा म्हणाली. “आमच्याकडे केरबा मास्तर आहेत. ते क्लॅरिनेट वाजवतात. त्यांना विचारते.”

आणि ती धावतच मास्तरांकडे गेली.

मास्तरांच्या मनात आलं, आता तरी सांगावं? पण सांगायचं कोणत्या तोंडाने? त्यात वाचनालयाचे अध्यक्ष स्वतः घरी आले, शाल-नारळाचं बोलून गेले. व्यासपीठावर एकट्याची खुर्ची! मास्तरांना मोह आवरला नाही. हो म्हणाले.

अंतूने ओळ ऐकली आणि तो घाबरला. “दादा, हे एकट्याचं काम नाही. मी शेजारी बसतो.”

“खुर्ची एकच आहे.”

“मग तिला सांगू या. ती ऐकणारी आहे.”

“तू गप्प बस. मला शिकवू नकोस.”

कार्यक्रम रविवारी सकाळी होता. त्याआधी शहरातली मंडळी तालमीला बसली. आठल्ये सर कागद बघून म्हणाले, “मास्तर, ही ओळ मला फार लांब वाटते. निभेल ना?”

“आख्खी वरात ओढत नेतो मी, साहेब. ही ओळ काय घेऊन बसलात!” मास्तर म्हणाले. “आता वाजवून ओठ थकवत नाही. एकदम कार्यक्रमातच ऐका.”

सभागृह भरलं. गल्ली झाडून आली होती. तनुजाची आई पहिल्या रांगेत बसून पदराचं टोक पिळत होती. रचना सुरू झाली आणि लोक गप्प झाले. काय कळत होतं कुणास ठाऊक, पण अंगावर काटा येत होता. मग सगळी वाद्यं थांबली. मास्तरांनी क्लॅरिनेट ओठांना लावली.

सुरुवात अशी गोड झाली की शेजारणीने डोळे पुसले. मास्तर पुढे गेले. आणखी पुढे गेले. वरातीच्या गोंगाटात चोरून श्वास घेता येतो. इथे टाचणी पडली तरी ऐकू आली असती. थांबावं, तर श्वास अख्ख्या सभेला ऐकू जाणार. शेजारी अंतू नव्हता. मास्तरांची मान फुगली, कानशिलं लाल झाली. तरी ते ओढतच राहिले. आणि क्लॅरिनेट किंचाळली. नुकतंच जन्मलेलं कोकरू ओरडावं तशी. मग तीही बंद पडली.

मागच्या रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. आठल्ये सरांनी हात खाली घेतला.

तनुजा बाजूलाच उभी होती. ती धावत आली, तांब्या घेऊन. “मास्तर, पाणी घ्या. बरं वाटत नाही का?”

मास्तरांनी तांब्या हातात घेतला. धाप लागली होती.

आठल्ये सर तिच्याकडे वळले. आवाज हळू होता, पण कडक. “तालमीतच मला शंका आली होती. ही ओळ कुठल्याही माणसाला वाजवता येणार नाही. तू कुणा जाणकाराला दाखवली नव्हतीस का?”

एक नाव तिने घेतलं असतं, तर सुटली असती. तिने मास्तरांकडे पाहिलं. म्हणाली, “दाखवली होती, सर. पण चूक माझीच. मी लहानपणापासून खिडकीतून मास्तरांना ऐकत आले. त्यांचा सूर कधी तुटलेला ऐकलाच नाही. मला वाटलं, क्लॅरिनेट अशीच असते. त्यांना आठवूनच ही ओळ लिहिली.”

मास्तरांच्या हातातला तांब्या कलंडला. ज्या ओळीवर ते जळत होते, ती त्यांच्याच सुरातून जन्मली होती. आणि ती वाजवायला त्यांच्याच छातीत हवा उरली नव्हती.

“साहेब,” मास्तर कसेबसे म्हणाले, “पोरीची चूक नाही. मला दाखवली होती. श्वासाला जागा नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं.”

“मग सांगितलं का नाही तुम्ही?” तनुजाने विचारलं.

मास्तरांनी मान वर केली नाही. “सांगितलं असतं, तर आज लोकांनी तुझ्यासाठी टाळ्या वाजवल्या असत्या.”

हे बोलणं पहिल्या रांगेपर्यंतच पोचलं. मागच्यांना फक्त मास्तर खाली मान घालून बसलेले दिसले.

तनुजाने तांब्या उचलला आणि खाली उतरली. शहरातल्या मंडळींची गाडी दुपारी गेली. जाताना आठल्ये सर म्हणाले, “ओळ दुरुस्त करून पाठव. पण यंदाच्या मोठ्या कार्यक्रमाचं आता धरू नकोस. माझ्या वाजवणाऱ्यांसमोर पुन्हा अशी फजिती नको.” शहरात वाजण्याची संधी अशी गेली. तनुजाच्या आईने मास्तरांच्या घराकडे बघणं सोडलं. अंतूही भावाशी कामापुरतंच बोलायला लागला.

बरेच दिवस तनुजा मास्तरांच्या दारावरून मान वळवून जायची. मग एका सकाळी ती ओसरीवर येऊन बसली. नमस्कार नाही, काही नाही. वायरी पुढे केल्या.

मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकलं. “इथे एक श्वास ठेव. आणि ह्या लांब ओळीला दुसरी क्लॅरिनेट घे. एक थांबेल तिथे दुसरी उचलेल. आम्ही दोघं तसंच वाजवत आलो. एकट्याचं नव्हतं ते कधीच.”

“आणि?”

“आणि काही नाही. चांगलं झालंय.”

तनुजा उठली नाही. बसून राहिली.

मास्तरांनी वायरी कानातून काढल्या. “अजून जळतो गं मी तुझ्यावर,” ते म्हणाले. “खोटं कशाला बोलू?”

“जळा,” तनुजा म्हणाली. “पण चूक सांगा.”

मास्तरांनी पुन्हा वायरी कानात घातल्या. शेवटाकडे तुतारी फार मोठी होत होती. तेही त्यांनी सांगितलं.

तर गिरणीतली ती बातमी अर्धीच खरी होती. मास्तरांनी मुद्दाम केलं, हे खरं. भर सभेत केलं, हे खोटं. सभेत त्यांचा श्वास खरोखरच संपला होता. जे मुद्दाम केलं, ते आपल्याच ओसरीवर, कुणी बघत नसताना, हसत हसत केलं. त्यांनी तिच्या रचनेला बोटही लावलं नव्हतं. तेच तर वाईट केलं होतं.

तात्पर्य: विश्वासाने दाखवलेल्या कामातली चूक दिसत असूनही, मत्सरापोटी जो ‘छान’ म्हणतो, तो ते काम बिघडवतोच. मत्सर मनातून गेला नाही तरी चालेल, पण त्याच्यापायी खरं बोलणं अडवू नये.