छपराला बांधलेला तंगूस

"पडलीय का कधी?"

"एकदाही नाही, वस्ताद."

"मग उचल आन् घरी जा."

अभिनंदन मगदूम असलं ऐकून घेणाऱ्यातला नव्हता. हातातला रिमोट त्याने छातीशी धरला आणि जागचा हलला नाही.

"बघा तरी आधी. न बघताच काय घरी जा?"

बाबालाल वस्तादांनी विडी पेटवली.

गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत दर रविवारी सकाळी वस्ताद एका गोणपाटाच्या पोत्यावर येऊन बसतात. आम्ही आमच्या गाड्या घेऊन जातो. हातभर लांबीच्या, रिमोटवर चालणाऱ्या, खडक चढणाऱ्या गाड्या. पळत नाहीत, रांगतात. त्या कशा जुळवायच्या हे आम्हाला वस्तादांनीच शिकवलं. गाडी मनास आली की ते तिच्या चासीवर पंच ठेवून हातोडीने एक टिंब मारतात. त्या एका टिंबासाठी आम्ही हट्टाला पेटतो. बाहेरच्याला हसू येईल. येऊ दे.

अभिनंदनला ते टिंब हवं होतं, आणि तेही म्हातारीवर.

म्हातारी म्हणजे खाणीतला सगळ्यात उंच खडक. दोन पुरुष उंची, मध्यावर एक अरुंद कट्टा. दोन वर्षांपूर्वी अभिनंदन तिच्यावरून पडला होता. दोर न लावता चढत होता, पोरं बघत होती म्हणून. तेव्हापासून त्याचा डावा गुडघा पुरता वाकत नाही, आणि तेव्हापासून त्याने म्हातारीला हातही लावलेला नाही. खाणीत यायचा, पण तिच्याकडे पाठ करून बसायचा.

मग त्याने ही गाडी बांधायला घेतली.

खरं सांगतो, तशी गाडी आमच्यात कुणाचीच नाही. पुढच्या चाकांत पितळेची वजनं. मऊ रबराचे टायर, आतला फोम स्वतः कापून बसवलेला. गिअर असे, की एक चाक हवेत असलं तरी बाकीची तीन खडक सोडत नाहीत. छप्पर जुन्या जीपचं, हाताने रंगवलेलं, आणि त्या छपरावर एक वेटोळं. त्याच्या स्वतःच्या जुन्या दोरातले धागे सोडवून वळलेली इवलीशी दोरी.

"बघाच," तो म्हणाला आणि गाडी म्हातारीच्या पायथ्याला लावली.

गाडी चढली. इंच इंच, कुरकुरत. कट्टा आला, तोही चढली. कट्ट्याच्या वरच्या फुगवट्यावर मात्र डावीकडे कलली. आणखी कलली. आता गेलीच, असं सगळ्यांना वाटलं.

गेली नाही. तशीच राहिली, दोन चाकं हवेत.

"बघितलंत?" अभिनंदन ओरडला. "बघितलंत का?"

वस्ताद उठले. म्हातारीपाशी गेले आणि एक बोट हवेत धरून हळूच आडवं फिरवलं. बोट कशाला तरी अडलं. त्यांनी ते छेडलं. बारीकसा टण्ण आवाज आला.

"ह्ये काय हाय?"

"…तंगूस."

मासे धरायचा नायलॉनचा धागा. उन्हात दिसतसुद्धा नाही. एक टोक गाडीच्या छपराला, वर खडकाच्या माथ्यावर चढणाऱ्यांनी ठोकलेल्या लोखंडी कडीतून घालून खाली आणलेला, दुसरं टोक अभिनंदनच्या पट्ट्याला. सकाळी लवकर मागच्या पायवाटेने वर जाऊन कडीतून तो ओवला मीच. त्याने सांगितलं, मी केलं. त्यात मला गैर काही वाटलं नव्हतं.

"टेस्टिंगला लावतात, वस्ताद. पडली तर फुटू नये म्हणून."

"आजपातूर लावलाच हुतास?"

"हो."

"रोज?"

"हो! लावला! रोज लावला!" अभिनंदनचा आवाज चढला. "सगळा पावसाळा घातलाय मी हिच्यात. फुटू देऊ? तुमचं काय जातंय सांगायला? मला दोर असता ना त्या दिवशी, तर आज हा गुडघा धड असता! कळतंय का तुम्हाला?"

खाणीत त्याचा आवाज घुमत राहिला.

वस्तादांनी त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं.

"मंग दोर तुला पायजे," ते म्हणाले. "गाडीला कशाला?"

आणि तोंडातली विडी काढून तिचा विस्तव त्यांनी तंगुसाला टेकवला.

धागा वितळला. गाडी उलटली, फुगवट्यावरून एक कोलांटी खाऊन धाडकन कट्ट्यावर आदळली आणि छपरावर उताणी पडून राहिली. अभिनंदनचं बोट अजून रिमोटवर दाबलेलं होतं, त्यामुळे चारही चाकं वर फिरत होती.

मला वस्तादांचा भयंकर राग आला. शिकवायचं तर शिकवा, पण माणसाच्या मेहनतीला विडी लावायची ही कुठली रीत?

अभिनंदनचं तर डोकंच फिरलं. त्याने रिमोट वस्तादांच्या पायाशी आपटला.

"काय केलंत हे? म्हातारपण आलंय की अक्कल गेलीय? तुम्हाला बघवत नाही कुणाचं चांगलं! नको तुमचं टिंब. घाला चुलीत! आजपासून वस्तादही नाही म्हणणार तुम्हाला."

वस्ताद पुन्हा पोत्यावर जाऊन बसले.

"आमची गाडी आम्ही आणतो! कुणाच्या बापाला सांगायला नको!"

तो गेला. म्हणजे सरळ म्हातारीला भिडला. उजवा पाय खाचेत, डावा तसाच ताठ ओढत, दोन्ही हातांनी खडक धरत. शिव्या देत. एक हात वर, एक शिवी. मी ओरडणार होतो, वस्तादांनी माझं मनगट धरलं.

कट्ट्यावर पोचून त्याने गाडी उचलली. छप्पर एका बाजूने चेपलं होतं, रंग खरवडला होता, इवली दोरी लोंबत होती. ती वस्तादांना दाखवायला, आणखी दोन शब्द सुनावायला तो वळला.

आणि थांबला.

खाली आम्ही होतो. त्याचा एक तळवा म्हातारीवर टेकलेला होता. त्याने त्या तळव्याकडे पाहिलं…

"वस्ताद."

"बोल."

"मी वर आलो."

"दिसतंय."

त्याने कट्ट्यावरून खाली वाकून पाहिलं. मग त्याचा राग कुठे गेला कोण जाणे, आवाज एकदम लहान झाला.

"मला उतरता येणार नाही. गुडघा… उतरताना नाही साथ देणार."

वस्ताद उठले, बुडाखालचं पोतं त्यांनी झटकलं आणि उलटं केलं. आतून दोर पडला. खराखुरा, चढायचा, जाड दोर. इतके रविवार मी समजत होतो की त्या पोत्यात पंच-हातोडीसारखी हत्यारं असतात.

"बघतोयस काय? मागनं वर जा," ते माझ्यावर खेकसले. "कडीत घाल आन् गच धर."

दोर खांद्यावर टाकून मी धावलो. धावता धावता मनात त्यांना चार शिव्या घातल्या, कारण म्हातारा ठरवून आला होता की काय, ते मला अजूनही कळलेलं नाही.

दोर कडीतून घातला, एक टोक कट्ट्यावर सोडलं, दुसरं माझ्या कमरेला गुंडाळलं, पाय रोवले. खाली अभिनंदनने टोक धरलं आणि कमरेला गाठ मारली. हातांना गाठ आठवत होती. टिंबाचं मात्र कुणालाच आठवत नव्हतं.

पण गाडी त्याच्या काखेत होती. एका हाताने उतरता येत नाही, हे त्याला माझ्याहून जास्त ठाऊक. त्याने ती शर्टात कोंबून पाहिली, मावेना. मग दोराच्या उरलेल्या शेपटाने तिला छातीशी बांधायला लागला.

एवढ्यात त्याच्या हातात गाडीची चाकं फिरली.

तो दचकला. खाली वस्तादांनी रिमोट उचलला होता. काच तडकली होती, पण चालत होता.

"ठेव तिला खाली."

"पडेल ती, वस्ताद."

वस्तादांनी दुसरी विडी कानावरून काढली, ओठांत धरली, पेटवली नाही.

"पडंल. पडू दे," ते म्हणाले. "तू ये."